विजेवरची कार घेताना सीमाभागातल्या माणसाने हिशेब कोणत्या राज्याचा धरायचा?

येळ्ळूरच्या माझ्या भाच्याचा परवा रात्री फोन आला. "मामा, करंटवरच्या कारला सरकार दीड लाख देतंय म्हणे. पेपरात आलंय. शोरूमवाला मात्र तसलं काय नाही म्हणतोय. मधल्यामध्ये खातोय की काय?"

शोरूमवाला काही खात नव्हता आणि पेपरही खोटा नव्हता. बातमी महाराष्ट्राच्या धोरणाची होती आणि गाडी बेळगावात घ्यायची होती, एवढाच घोटाळा. आपल्या भागात हे वारंवार होतं. घरात मराठी पेपर, मोबाईलवर पुण्या-मुंबईच्या लोकांचे व्हिडिओ आणि दारातल्या गाडीला मात्र केए-२२ किंवा केए-२३. गाडीवरची सरकारी सवलत आपण कोणत्या भाषेत बातमी वाचली यावर ठरत नाही, नंबरप्लेट कोणत्या राज्याची यावर ठरते. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात विजेवरची कार घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने ही गोष्ट आधी पक्की करावी. पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

मी स्वतः रोज बेळगाव-खानापूर ये-जा करतो, जाऊन-येऊन ५२ किलोमीटर. पेट्रोलची गाडी विकून विजेवरची घेतली तेव्हा कागदपत्रांत आणि मीटरच्या कामात मी बरेच हेलपाटे मारले. ते तुम्हाला मारावे लागू नयेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

पहिलं काम: महिन्याचे किलोमीटर मोजा

शोरूमला जाण्याआधी दोन महिने एका वहीत गाडीचे किलोमीटर आणि पेट्रोलचे पैसे लिहा. अंदाज चालत नाही. "महिन्याला हजार तरी होतात" म्हणणाऱ्या माझ्या मेहुण्यांचे मोजल्यावर ४३० निघाले.

आता हिशेब. पेट्रोल लिटरला १०३ रुपये धरू. तुमच्या पंपावरचा आजचा दर वेगळा असेल तर तो घाला. जून २०२४ मध्ये कर्नाटकाने पेट्रोलवरचा विक्रीकर २५.९२ वरून २९.८४ टक्क्यांवर नेला आणि एका रात्रीत लिटर तीन रुपयांनी महागलं, ते आपल्याला आठवत असेल. तरीही राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडे येऊन टाकी भरून जाणाऱ्या महाराष्ट्राच्या गाड्या दिसतात, कारण पलीकडे दर आणखी जास्त असतो. म्हणजे आपण तुलनेने स्वस्त बाजूला आहोत आणि तरी पेट्रोल शंभरीपार आहे.

महिन्याला १,२०० किलोमीटर आणि लिटरला १६ चा ॲव्हरेज धरला तर ७५ लिटर लागतं, म्हणजे सुमारे ७,७०० रुपये. तेवढंच अंतर विजेवर कापायला, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, युनिटला ७ किलोमीटर पडले तर साधारण १७० युनिट लागतात. घरच्या मीटरवर सगळे आकार मिळून युनिट ७ रुपयांना पडलं तर १,२०० रुपये झाले. वर्षाला जवळजवळ ७८,००० रुपयांचा फरक पडतो.

पण महिन्याला फक्त ५०० किलोमीटर फिरणाऱ्याचा फरक २,७०० रुपये, म्हणजे वर्षाला ३२,००० च्या घरात. पेट्रोलच्या आणि विजेवरच्या गाडीच्या ऑन-रोड किमतीत तीन लाखांचा फरक असेल तर तो भरून यायला नऊ वर्षं लागतील, आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक कंपन्यांची आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर असते. अशा माणसाने घाई करू नये, असं मी स्पष्टच सांगतो. आहे ती गाडी नीट चालत असेल तर ती चालवा. पेट्रोलच्या दराचा राग येणं वेगळं आणि दहा-बारा लाख गुंतवणं वेगळं.

केंद्र सरकार नेमकं काय देतं

खासगी कार घेणाऱ्याच्या खात्यावर केंद्र सरकार रोख सबसिडी जमा करत नाही. हे वाक्य मी दोनदा लिहायला तयार आहे, कारण सगळा गैरसमज इथेच आहे. २०१९ ते मार्च २०२४ पर्यंत चाललेल्या फेम-२ योजनेतही चारचाकीचं अनुदान टॅक्सीसारख्या व्यावसायिक वापरापुरतं होतं. १ ऑक्टोबर २०२४ ला १०,९०० कोटींची पीएम ई-ड्राइव्ह योजना सुरू झाली. ती दुचाकी, तीनचाकी, बस, ट्रक, रुग्णवाहिका आणि चार्जिंग केंद्रांसाठी आहे. कार तिच्यात नाही.

मग कारवाल्याला काय मिळतं? न आकारलेला कर. तो हातात पडत नाही म्हणून दिसत नाही, पण मोठा आहे. विजेवरच्या गाडीवर १ ऑगस्ट २०१९ पासून जीएसटी ५ टक्के आहे, त्याआधी १२ होता. चार्जरवरही ५ टक्केच. पेट्रोलच्या छोट्या गाडीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के आणि मोठ्या गाडीवर ४० टक्के आहे. करापूर्वी आठ लाख किमतीची गाडी धरली तर विजेवरच्या गाडीला ४०,००० आणि पेट्रोलच्या छोट्या गाडीला १,४४,००० रुपये जीएसटी बसतो. एक लाख चार हजार तिथे वाचले. सप्टेंबर २०२५ पूर्वी पेट्रोलच्या छोट्या गाडीवर सेससह २९ टक्के होते, त्यामुळे ही बचत त्या वेळी जवळजवळ दुप्पट होती. जुने लेख आणि जुने व्हिडिओ पाहून हिशेब करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

बाकी सवलती छोट्या आहेत. ऑगस्ट २०२१ पासून आर.सी.ची नोंदणी आणि नूतनीकरण फी माफ आहे. जून २०२२ पासून थर्ड पार्टी विम्याचा हप्ता १५ टक्क्यांनी कमी आहे. विमा एजंटने हा १५ टक्क्यांचा फरक लावला की नाही ते कोटेशनवर बोट ठेवून विचारा.

प्राप्तिकरातल्या कलम ८०ईईबीबद्दल मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. कर्जाच्या व्याजावर दीड लाखांपर्यंतची ही वजावट १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांपुरती होती. आज कर्ज काढणाऱ्याला ती नाही. कर्ज देणारा कोणी हे आमिष दाखवत असेल तर त्याच्याशी पुढचं बोलणंही जपून करा. गाडी धंद्याच्या नावावर घेणाऱ्या व्यापाऱ्याला मात्र घसाऱ्याचा दर ४० टक्के मिळतो, पेट्रोलच्या कारपेक्षा बराच जास्त. तो आपल्या सी.ए.ला विचारावा.

कर्नाटकाचा आजीवन कर

आपल्या नंबरप्लेटवर खरा परिणाम करणारी गोष्ट ही आहे. पेट्रोलच्या कारवर कर्नाटकाचा आजीवन कर, म्हणजे नोंदणीच्या वेळी एकदाच भरायचा रस्ता कर, देशात जड समजला जातो: ५ लाखांपर्यंत १३ टक्के, १० लाखांपर्यंत १४, २० लाखांपर्यंत १७ आणि त्यापुढे १८ टक्के. या करावर पुन्हा सेस. नऊ लाखांच्या गाडीला १४ टक्क्यांनी १,२६,००० रुपये, वर ११ टक्के सेस, म्हणजे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास फक्त आर.टी.ओ.कडे जातात.

विजेवरच्या गाड्यांना कर्नाटकाने २०१६ मध्ये हा कर पूर्ण माफ केला आणि २०१७ मध्ये विजेवरच्या वाहनांचं स्वतंत्र धोरण आणणारं ते देशातलं पहिलं राज्य ठरलं. मार्च २०२४ मध्ये २५ लाखांवरच्या गाड्यांवर १० टक्के कर आला. यातून घ्यायचं ते एवढंच की ही माफी कायद्यातल्या एका दुरुस्तीने कमी-जास्त होते. म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी किती भरला यावर जाऊ नका. गाडी बुक करायच्या आठवड्यात बेळगावच्या आर.टी.ओ. सर्कलच्या कार्यालयात किंवा चिकोडी, गोकाक, अथणी, बैलहोंगल यांपैकी तुमच्या हद्दीच्या कार्यालयात जाऊन तुमच्या मॉडेलला आज किती टक्के कर बसतो ते विचारा आणि आकडा कागदावर लिहून घ्या. आणखी एक सांगतो. कर बुकिंगच्या तारखेचा लागत नाही, नोंदणीच्या तारखेचा लागतो. गाडी मिळायला तीन महिने लागणार असतील आणि मध्ये राज्याचं बजेट असेल, तर कर वाढल्यास बुकिंगची रक्कम पूर्ण परत मिळेल, हे शोरूमकडून लेखी घ्या.

कोल्हापूरच्या पत्त्यावर घ्यावी का?

आता भाच्याच्या दीड लाखांकडे येऊ. महाराष्ट्राने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या धोरणात खासगी विजेवरच्या कारला किमतीच्या १० टक्के, जास्तीत जास्त दीड लाख रुपये, अशी तरतूद आहे. गाड्यांची संख्या ठरवलेली आहे आणि धोरण मार्च २०३० पर्यंतचं आहे. अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्गावर टोलमाफीही त्याच धोरणातली. हे सगळं खरं आहे. फक्त ते महाराष्ट्रात विकल्या आणि नोंदवल्या गेलेल्या गाड्यांचं अनुदान आहे.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचं कोणीतरी पलीकडे असतं. चंदगडला मामा, गडहिंग्लजला बहीण, कागलला सासर. त्यांच्या पत्त्यावर एमएच-०९ घेऊन गाडी बेळगावात चालवावी असं मनात येणं साहजिक आहे. माझ्याही आलं होतं. मग कायदा वाचला आणि विचार सोडून दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात नोंदवलेली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ आपल्या राज्यात राहिली तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि त्या वेळी इथला कर लागू होतो. गाडी एकाची, वापरणारा दुसरा, पत्ता तिसऱ्याचा अशी स्थिती असेल तर अपघातानंतर विम्याच्या दाव्यात प्रश्न निघतात. शिवाय मामाच्या नावावरची गाडी ही मामाची मालमत्ता असते. पुढे वारसांत वाद निघाला तर तुमचे हप्ते कोणी मोजत नाही.

ज्याचं घर खरोखर पलीकडे आहे, मतदार यादीत नाव तिथे आहे आणि जो आठवड्यातून दोनदा कामासाठी बेळगावात येतो, त्याने तिकडेच घ्यावी. बाकीच्यांनी दीड लाखांची ती बातमी विसरून केए नंबरचाच हिशेब करावा.

घरचं मीटर: इथे घाई केली तर बचत गळते

या भागावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या घरांना तो जास्त लागू आहे आणि शोरूममध्ये याबद्दल कोणी बोलत नाही.

कर्नाटकातल्या बहुतेक घरांना ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती या राज्याच्या फुकट विजेच्या योजनेचा लाभ आहे. २०२२-२३ मधल्या तुमच्या सरासरी वापरात १० टक्के मिळवून जेवढे युनिट होतात तेवढे फुकट, कमाल २०० पर्यंत. समजा तुमचा हक्क ८८ युनिटांचा आहे. महिन्याचा वापर ८८ च्या आत असेल तर बिल शून्य. ८८ ते २०० मध्ये असेल तर वरच्या युनिटांचं बिल. पण २०० ओलांडले की त्या महिन्याचं सगळं बिल तुमचं, फुकटचे ८८ सुद्धा गेले.

आता याच मीटरवर कार लावा. घरचे ८५ आणि कारचे १७०, मिळून २५५. गृहज्योती गेली. कारची वीज १,२०० रुपयांची वाटत होती, ती घरच्या ८५ युनिटांचे सुमारे ६०० रुपये धरून १,८०० ची झाली. पेट्रोलच्या मानाने तरीही कमीच. पण वर्षाला ७,००० रुपये निव्वळ माहिती नसल्यामुळे जातात. माझ्या घरी पहिल्या महिन्यात हेच झालं. बिल पाहून आईने विचारलं, "फुकटची वीज कुठं गेली रे?"

उपाय आहे. वीज ग्राहकांच्या हक्कांच्या केंद्रीय नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चार्जिंगसाठी घरात वेगळी जोडणी मागता येते. आपल्या भागाची वीज कंपनी हेस्कॉम हिच्याकडे, म्हणजे जुने लोक अजून ज्याला केईबी म्हणतात त्या कार्यालयात, वाहन चार्जिंगसाठी वेगळा दरगट आहे. अर्ज करताना ही जोडणी वाहन चार्जिंगच्या दरगटात हवी हे शब्द अर्जात लिहा. नाहीतर कारकून सवयीने घरगुती किंवा व्यापारी गटात टाकतो आणि नंतर बदलून घेणं त्रासाचं असतं. नव्या खांब-तारा घालायच्या नसतील तर नियमाप्रमाणे नगरपालिका क्षेत्रात सात दिवसांत आणि ग्रामीण भागात पंधरा दिवसांत जोडणी मिळायला हवी. अर्जाची पोच तारखेसह जपून ठेवा.

वेगळं मीटर घेतलं की त्याचा स्थिर आकारही वेगळा येतो, गाडी लावा न लावा. म्हणून ज्याच्या कारचं महिन्याला शंभर युनिटांच्या आत भागतं त्याने ते घेऊ नये. घरचे ८५ अधिक कारचे १०० मिळून १८५ होतात, दोनशेच्या आतच राहतात. त्याने फक्त मंजूर भार वाढवून घ्यावा. जुन्या घरांचा मंजूर भार एक-दोन किलोवॅटच असतो. गाडीचा साधा चार्जर १५ अँपिअरच्या प्लगवर तीन किलोवॅट ओढतो. त्यातच गीझर लागला की फ्यूज जातो.

वायरिंगबद्दल कंजूषी करू नका. मीटरपासून थेट वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, तिच्यासाठी स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडतो तो) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज कुठे गळली की लगेच तोडतो तो). आणि अर्थिंग नवं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला जांभ्या दगडात अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि मग गाडी चार्जच घेत नाही, कारण गाडीची यंत्रणा अर्थिंग तपासूनच वीज आत घेते. लोक गाडीला दोष देतात. खड्डा खोल घ्या, आणि मार्च-एप्रिल-मेमध्ये आठवड्यातून एकदा त्यात पाणी ओता. साधं काम आहे, पण मी ते शिकेपर्यंत दोनदा मेकॅनिकला बोलावलं होतं.

शेतातल्या पंपाच्या फुकट विजेवर गाडी लावू नका. ज्या कामासाठी जोडणी दिली त्याशिवाय दुसऱ्या कामाला वीज वापरली तर विद्युत कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होते. एका गाडीपायी पंपाची जोडणी गोत्यात आणू नये.

छपरावर सौर पॅनेल बसवायचं मनात असेल तर हिशेब पुन्हा बदलतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्यापुढे ७८,००० रुपये अनुदान थेट खात्यावर येतं. ज्याच्या घरी गृहज्योतीमुळे बिलच येत नाही, त्याला एरवी सौर पॅनेलचा फारसा उपयोग नाही. कार आली की मात्र तो होतो. तीन किलोवॅटचं पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला दहा-बारा युनिट देतं, माझ्या रोजच्या ५२ किलोमीटरला आठ लागतात. पण मग कार घरच्याच मीटरवर, म्हणजे घेतलेल्या विजेतून पॅनेलची वीज वजा करणाऱ्या नेट मीटरखाली लावावी लागेल. वेगळं मीटर आणि सौर पॅनेल यांतलं एक निवडा. खानापूरच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर पॅनेल फार कमी देतं हेही धरून चाला. अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर स्वतःच्या आर.आर. नंबरने (वीजबिलावरचा जोडणी क्रमांक) करायचा, यादीतल्याच ठेकेदाराकडून काम करून घ्यायचं, पॅनेल भारतीय बनावटीची हवीत, आणि हेस्कॉमची तपासणी होऊन नेट मीटर बसल्यावरच अनुदान मिळतं.

शोरूमचं कोटेशन

कोटेशन घेताना "ऑन-रोड इतके" असा एक आकडा स्वीकारू नका. एक्स-शोरूम, आजीवन कर, सेस, विमा, फास्टॅग, चार्जर बसवण्याचा खर्च आणि इतर, सगळं वेगवेगळ्या ओळींत मागा. माझ्या कोटेशनात "हाताळणी" म्हणून काही हजार लावले होते. नोंदणी फी माफ असतानाही ती मिळवलेली होती. मी नियमाचा कागद दाखवला, दोन्ही ओळी गेल्या. भांडण झालं नाही, शांतपणे बोललो.

एक्स-शोरूम किंमत दहा लाखांवर असेल तर एक टक्का टीसीएस कापला जातो. तो खर्च नव्हे, आपला आगाऊ भरलेला कर आहे. विवरणपत्र भरलं की परत मिळतो किंवा वळता होतो. शेतीवर जगणाऱ्या आणि कधी विवरणपत्र न भरणाऱ्या कित्येकांचे हे दहा-बारा हजार तसेच राहून जातात.

चार्जर फुकट बसवून देतो असं सांगितलं तर किती मीटर केबल फुकट ते विचारा. आपल्या गल्लीतली घरं लांबट असतात, मीटर पुढे आणि गाडी मागच्या परड्यात. वरच्या प्रत्येक मीटरचे पैसे लागतात.

कर्जासाठी आधी राष्ट्रीयीकृत बँकेत जा. स्टेट बँकेने २०१९ मध्येच विजेवरच्या गाड्यांसाठी ग्रीन कार लोन आणलं. त्याचा व्याजदर नेहमीच्या कार कर्जापेक्षा थोडा कमी आणि मुदत आठ वर्षांपर्यंत असते. गावातल्या सहकारी सोसायटीचं कर्ज दोन दिवसांत मिळतं, ओळखीचे लोक असतात, हे सगळं मान्य. पण व्याजातले दोन-तीन टक्के जास्त गेले की पेट्रोलची एका वर्षाची बचत त्यातच संपते.

कागदं आणि नावं

कागदपत्रांची यादी शोरूम देतं: आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो, विमा. नोंदणीचा फॉर्म २० तुमच्या सहीने जातो, २१ आणि २२ शोरूम आणि कंपनी देते. इथपर्यंत कुठल्याही गावासारखंच. आपला त्रास वेगळा आहे. आधारावर आडनाव एका स्पेलिंगने, उताऱ्यावर कन्नडमधून उतरवताना दुसऱ्या, बँकेत तिसऱ्या. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं, पण बऱ्याच जुन्या कागदांवर पूर्वीचंच आहे. कर्जाच्या कागदावर, विम्यावर आणि फॉर्म २० वर नाव-पत्ता अक्षर न् अक्षर आधारसारखाच हवा. सही करण्याआधी घरातल्या कन्नड वाचणाऱ्या माणसाकडून एकदा तपासून घ्या. आर.सी. छापून आल्यावर दुरुस्ती करण्यात महिने जातात.

प्लेट हिरवी येते. खासगीला पांढरी अक्षरं, टॅक्सीला पिवळी. पांढऱ्या प्लेटवर गाडी देऊ करणाऱ्याला थांबवा.

टॅक्सी चालवायची असेल तर एक वाट आणखी आहे. विजेवरच्या व्यावसायिक वाहनांना २०१८ पासून परमिटची अट नाही. राज्याच्या स्वावलंबी सारथी योजनेत अनुसूचित जाती-जमातींच्या तरुणांना वाहनाच्या किमतीच्या ७५ टक्के, कमाल ४ लाख, आणि अल्पसंख्याकांना ५० टक्के, कमाल ३ लाख अशी मदत ठरवलेली आहे. अर्ज वर्षातून ठरावीक दिवसांतच घेतले जातात. ग्राम वन किंवा बेळगाव वन केंद्रात विचारत राहावं लागतं. आधी गाडी घेऊन मग अर्ज करू नका. मंजुरी हातात आल्यावरच शोरूमला पैसे द्या.

पुण्या-कोल्हापुरातून जुनी गाडी आणणारेही वाढले आहेत. तिथून फॉर्म २८ ची एनओसी, हस्तांतराचे २९ आणि ३०, कर्ज फिटल्याचा ३५ हे सगळं हातात येईपर्यंत पूर्ण पैसे देऊ नका. बॅटरीची तब्येत किती टक्के उरली आहे याचा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा कागद मागा. वॉरंटी दुसऱ्या मालकाला लागू होते का तेही त्याच कागदावर लिहून घ्या.

रस्त्यावर

रोजच्या धावपळीला घरचं चार्जिंग पुरतं. प्रश्न लांबच्या गावांचा येतो. कोल्हापूर ११० किलोमीटर, हुबळी शंभराच्या आत-बाहेर. पुणे-बेंगळूर महामार्गावर चार्जर मिळतात. तिथे युनिटला वीस-बावीस रुपये पडतात, घरच्या तिप्पट. म्हणून ज्याचा निम्मा प्रवास महामार्गाचा आहे त्याने वर केलेल्या बचतीच्या हिशेबातून साधारण पाचवा हिस्सा कमी धरावा. हत्तरगी आणि कोगनोळीच्या नाक्यांवर टोल पूर्ण भरावा लागतो. राष्ट्रीय महामार्गावर विजेवरच्या गाडीला सूट नाही.

गोव्याची वाट जपून. चोर्ला घाटाने पणजी शंभर-सव्वाशे किलोमीटर. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे. उतरताना गाडी जवळजवळ फुकट जाते, ब्रेक लावताना बॅटरी थोडी भरतेही. माणूस खूश होतो आणि त्याच आकड्यावर परतीचा अंदाज बांधतो. चढताना तीच गाडी दीडपट वीज खाते. छोट्या बॅटरीची गाडी असेल तर परत निघण्याआधी गोव्यातच ८० टक्क्यांच्या वर चार्ज करा, आणि कणकुंबीला पावसाळ्यात वीज जाते हे गृहीत धरून घाटमाथ्यावरच्या चार्जरच्या भरवशावर राहू नका.

चार्जर चालू आहे की बंद ते निघण्याआधी पाहायला बेंगळूरच्या बेस्कॉम या वीज कंपनीचं ईव्ही मित्र आणि केंद्राचं ईव्ही यात्रा ही दोन ॲप ठेवा. ॲपमध्ये हिरवं दिसलं तरी तिथल्या हॉटेलच्या माणसाला फोन करून "दादा, चार्जर चालू आहे ना?" एवढं विचारून घ्या. आणि महामार्गालगत ज्यांचा ढाबा किंवा मोकळी जागा आहे त्यांना: चार्जिंग केंद्र टाकायला वीज विकण्याचा परवाना लागत नाही, केंद्राने हे २०१८ मध्येच स्पष्ट केलं आहे. संकेश्वर ते निपाणी या टप्प्यात आणखी चार चार्जर झाले तर आम्हा सगळ्यांचीच सोय होईल.

भाच्याला मी हे सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मग दीड लाख गेलेच की." मी त्याला वही काढायला लावली. जीएसटीत वाचलेले एक लाख चार हजार, इथल्या आर.टी.ओ.त पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमी बसणारा कर आणि वर्षाचं पेट्रोल असे तीन आकडे लिही म्हटलं. कराचा आकडा उद्या आर.टी.ओ.त जाऊन तूच घेऊन ये. तो सोमवारी जाणार आहे, आणि तिथूनच हेस्कॉममध्ये मीटरचा अर्जही देऊन येणार आहे.